खेपांचा हिशेब: टिप्परवाल्या मामांबरोबर रेडी ते कुडचडे

माझे मामा मोटारीत कधीही मागे बसत नाहीत. पुढे, डाव्या बाजूला, म्हणजे ज्या जागेवर बसून त्यांनी वयाच्या सतराव्या वर्षी ट्रकचा क्लीनर म्हणून कामाला सुरुवात केली त्याच जागेवर ते बसतात, खिडकीची काच पूर्ण खाली करतात आणि गाडी मागे घ्यायची वेळ आली की हात बाहेर काढून दारावर थाप मारतात. एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे येऊ दे. माझ्या गाडीला मागे कॅमेरा आहे हे मी त्यांना चार दिवसांत किमान दहा वेळा सांगितले असेल, तरीही थापा थांबल्या नाहीत.

मामा आता ७४ वर्षांचे आहेत. जड वाहनाचा परवाना त्यांना १९७३ मध्ये मिळाला आणि तेव्हापासून २०१२ च्या सप्टेंबरपर्यंत, म्हणजे ३९ वर्षे, खाणीतले लोहखनिज गाडीत भरून धक्क्यावर नेऊन ओतायचे, एवढेच काम त्यांनी केले. आधी रेडीला आणि नंतर गोव्यात. गेल्या वर्षी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही डोळ्यांनी नीट दिसू लागले, तेव्हा त्यांनी जुन्या सोबत्यांना आणि जुन्या रस्त्यांना एकदा भेटून यायचे ठरवले. गाडी मी चालवायची आणि वाट ते सांगणार, अशा करारावर आम्ही जानेवारीत सावंतवाडीहून निघालो.

ज्या वाहनाबद्दल हे सगळे आहे त्याचे नाव दर शंभर किलोमीटरवर बदलते. गोव्यात त्याला टिपर म्हणतात, आमच्याकडे टिप्पर किंवा डंपर, आणि पुण्याकडे दहा चाकांच्या मोठ्या गाडीला सरसकट हायवा म्हणतात. हायवा हे खरे तर हौदा उचलणारा जॅक बनवणाऱ्या एका डच कंपनीचे नाव आहे, पण लोकांनी जॅकचे नाव अख्ख्या गाडीला देऊन टाकले. मामांना हा शब्द मुळीच आवडत नाही.

पहिला दिवस: सावंतवाडी, शिरोडा, रेडी

घरून घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ खाऊन निघालो. मळेवाडवरून शिरोड्याचा रस्ता काजू-आंब्याच्या सावलीतला आहे आणि सकाळी आठ वाजता त्यावर धुके इतके दाट होते की मामांनी दोनदा दिवे लावायला सांगितले. शिरोड्याची मिठागरे पाहायला बहुतेक जण १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे थांबतात. मामांना मात्र तिथला एक चढ आठवत होता, ज्यावर त्यांची पहिली गाडी भरलेली असताना दर वेळी धापा टाकायची. तो चढ शोधून काढला. माझ्या मोटारीला तो चढ आहे हे जाणवलेही नाही.

ती पहिली गाडी म्हणजे बॉनेटवर तारा असलेली टाटा मर्सिडीज. टाटांनी १९५४ मध्ये डाइम्लर-बेंझ या जर्मन कंपनीशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली आणि पंधरा वर्षांचा तो करार १९६९ मध्ये संपला, तोवर रस्त्यावर आलेल्या गाड्यांवर मर्सिडीजचा तारा असे. मामांच्या वाट्याला आलेली गाडी त्यांच्याआधी दोन चालकांनी वापरलेली होती. तिला लांब नाक होते, म्हणजे इंजिन चालकाच्या पुढे, स्वतंत्र बॉनेटखाली असायचे, आणि म्हणून केबिन तुलनेने थंड राहायची. पुढे आखूड नाकाच्या गाड्या आल्या, त्यांत इंजिनाचा मागचा भाग केबिनमध्ये शिरला, आणि एप्रिल-मे महिन्यांत चालकाची डावी मांडी भाजून निघू लागली. त्यावर उपाय म्हणून इंजिनाच्या झाकणावर ओले गोणपाट टाकायचे आणि ते दर खेपेला धक्क्यावरच्या नळावर पुन्हा भिजवायचे काम क्लीनरकडे असे.

गियर बदलणे हा त्या काळच्या गाड्यांचा दुसरा छळ होता. क्लच दाबून गियर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, खालचा गियर हवा असेल तर मध्ये ॲक्सिलरेटरला अचूक तेवढाच धक्का द्यायचा आणि पुन्हा क्लच दाबून गियर टाकायचा. अंदाज चुकला तर दाते एकमेकांवर घासून असा आवाज निघे की खाणीच्या टोकाला बसलेल्या मुकादमालाही कोणता नवशिका चालक गाडीवर आहे ते समजे. हे सांगताना मामांनी तोंडाने तो आवाज काढून दाखवला आणि चहाच्या टपरीवरचा कुत्रा उठून लांब जाऊन बसला.

रेडीत आता पर्यटक येतात ते प्रामुख्याने द्विभुज गणपतीसाठी, आणि या देवाची कथा थेट आमच्या विषयातली आहे. १९७६ च्या एप्रिलमध्ये खाणीवर खनिज वाहणारा एक ट्रकचालक गाडीतच झोपला असताना त्याला स्वप्नात गणपतीने दृष्टान्त दिला, सांगितलेल्या जागी खोदल्यावर पाषाणाची भव्य मूर्ती मिळाली आणि काही दिवसांनी मोठा उंदीरही सापडला, असे इथे सांगितले जाते. मूर्तीला चारऐवजी दोनच हात आहेत. मामा तेव्हा पंचवीस वर्षांचे होते आणि त्याच परिसरात गाडीवर होते. त्यांना मी विचारले की तेव्हा चालकांमध्ये काय बोलणे झाले. ते म्हणाले, "पहिल्या दिवशी कोणाचा विश्वास बसला नाही, आणि दुसऱ्या दिवशीपासून रिकामी गाडी परत नेताना सगळेच तिथे थांबू लागले. आपल्यातल्याच एका डायव्हरला देव भेटला, ह्याचा अभिमान होता. मालकाला नाही भेटला, इंजिनिअरला नाही भेटला."

चालक गाडीत का झोपला होता, हा प्रश्न मात्र मला देवळात उभा असताना पडला आणि मामांचे उत्तर अगदी साधे होते: खाणीत गाड्यांची रांग लागे, शॉवेल बंद पडला तर तास-तास भराई होत नसे, आणि पहाटे चारला उठलेला माणूस स्टिअरिंगवर डोके टेकताच झोपत असे. पगार महिन्याचा असला तरी खरी कमाई खेपेवरच्या भत्त्याची होती, त्यामुळे रांग सोडून घरी जाणे परवडत नसे.

दुपारनंतर बंदराच्या बाजूला गेलो. यशवंतगडाच्या पडक्या तटावरून खाली समुद्र, माडांच्या रांगा आणि लाल मातीचे उघडे डोंगर एकाच नजरेत दिसतात. ऊन कलल्यावर त्या लाल रंगाला जांभळी झाक येते. मामांना गड चढवला नाही. ते खाली एका जुन्या सोबत्याच्या अंगणात बसले होते, आणि मी परत आलो तेव्हा दोघांमध्ये १९७८ साली एका वळणावर कोणाची चूक होती यावर जोरात वाद चालला होता. "गप रे मेल्या, हॉर्न मी दिलेलो!" एवढे मला कुंपणाबाहेर ऐकू आले.

रेडीला जाणाऱ्यांसाठी: गणपतीच्या देवळाकडे सकाळी लवकर गेल्यास गर्दी नसते आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी गाडी लावायला जागा मिळणे कठीण होते. गडावर सावली थोडी आणि पाणी अजिबात नाही. जुन्या खाणींचे खड्डे आता पाण्याने भरलेले असून वरून ते हिरवेगार तळे वाटतात. कडा भुसभुशीत आहेत आणि खोली भयंकर आहे, म्हणून छायाचित्रासाठीही काठाशी जाऊ नये. ज्यांना पुढे गोव्यात उतरायचे आहे त्यांना तेरेखोलहून केरीला फेरीबोटीने जाता येते आणि ती दहा मिनिटे फार सुखाची असतात.

दुसरा दिवस: बांदा, दोडामार्ग, डिचोली, आमोणा

बांद्याहून दोडामार्गकडे वळलो की कळणे लागते. इथल्या खाणीचा बांध २०२१ च्या जुलैमध्ये फुटून चिखलमिश्रित पाणी गावात शिरले होते. आम्ही थांबलो नाही. मामांनी फक्त "इथे मी कधी गाडी चालवली नाही" असे सांगितले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

डिचोलीत शिरलो आणि त्यांचा आवाज बदलला. बाजाराजवळच्या हॉटेलात त्यांचे तीन सोबती आधीच येऊन बसले होते. एकाचे आता फळांचे दुकान आहे, दुसरा शाळेची बस चालवतो आणि तिसऱ्याकडे एकेकाळी स्वतःचे तीन टिपर होते. गरम मिरची भजी, पातळ भाजी आणि पाव यांच्या तीन फेऱ्या झाल्या. डिचोली, साखळी आणि सत्तरीच्या भागात घरात कोंकणी, देवळात व शाळेत मराठी, आणि गाडीवर दोन्हींची सरमिसळ अशी भाषा चालते, त्यामुळे मला जे कळत नव्हते ते भाषेमुळे नव्हे, तर गाड्यांच्या आकड्यांमुळे. "माझी बाराशे-दहा होती", "तुझी सोळाशे-तेरा ती नंतरची", असे संवाद अर्धा तास चालल्यावर मी शेवटी अर्थ विचारला.

शाळेच्या बसवाल्यांनी तो बिस्किटाच्या कागदावर लिहून समजावला. टाटाच्या गाडीच्या क्रमांकातले पहिले दोन आकडे म्हणजे भरलेल्या गाडीचे एकूण वजन साधारण किती टन, आणि पुढचे दोन आकडे दहाने गुणले की इंजिनाची साधारण अश्वशक्ती. १२१० म्हणजे बारा टन आणि शंभर अश्वशक्ती. १६१३ म्हणजे सोळा टन आणि एकशे तीस. आकड्याच्या आधीच्या अक्षरांत 'के' असेल तर ती टिपर, कारण जर्मन भाषेत हौदा पालथा करणाऱ्या गाडीला 'किपर' म्हणतात आणि तो 'के' जर्मनांशी असलेला करार संपला तरी मागे राहिला. ज्या माणसाने चौथीनंतर शाळा सोडली त्याने मला हे पाच मिनिटांत शिकवले, आणि यंत्रांवर लेख लिहिणाऱ्या मला ते वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळले.

ज्यांच्याकडे तीन टिपर होते त्या सोबत्यांची गोष्ट अधिक अवघड होती. २००० नंतरच्या दशकात चीनच्या पोलाद कारखान्यांची भूक वाढली, पूर्वी कमी प्रतीचे म्हणून बाजूला टाकलेले खनिजही विकले जाऊ लागले आणि गावागावांत लोकांनी बँकेचे कर्ज काढून टिपर घेतले. २०१०-११ या वर्षी गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून अधिक लोहखनिज बाहेर गेले. त्यातले काही कर्नाटकातून रेल्वेने आलेले होते, हे धरूनही मी हिशेब करून पाहिला: एका टिपरमध्ये कागदावर दहा टन, म्हणजे एक कोटी टनांसाठीच दहा लाख भरलेल्या खेपा आणि तितक्याच रिकाम्या, आणि त्या बऱ्याचशा दोन गाड्या जेमतेम एकमेकींना ओलांडतील अशा गावरस्त्यांवरून. मग बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल आला, २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली, काम सुरू झाले, आणि २०१८ च्या मार्चमध्ये खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाल्याने पुन्हा थांबले. त्यांच्या तीन गाड्यांपैकी दोन अंगणातच गंजल्या. "हौद्यात पावसाचे पाणी साचून बेडूक ओरडायचे," ते म्हणाले, "आणि हप्त्याचे पत्र आले की बायको ते माझ्यासमोर न ठेवता देवाजवळ ठेवायची." त्या दोन्ही गाड्या शेवटी भंगाराच्या भावाने गेल्या. लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीच्या पट्ट्यात खाणकाम पुन्हा सुरू झाले आहे, पण त्यांनी नवीन गाडी घेतलेली नाही.

दुपारी साखळीवरून नावेलीमार्गे आमोण्याला मांडवीच्या काठी गेलो. धक्क्याच्या कडेला मातीत अजूनही खनिजाचे खडे सापडतात. मामांनी वाकून लिंबाएवढा एक करडा खडा उचलला, दुसऱ्या हातात तेवढाच जांभ्याचा तुकडा घेतला आणि दोन्ही माझ्या तळहातांवर ठेवले. जांभा हलका लागला. करड्या खड्याने मात्र हात खाली गेला. तो चोळला तर बोटाला कुंकवासारखा गडद लाल रंग लागला. "ह्यो दगड नाय, लोखंड आसा," ते म्हणाले, आणि त्यानंतर जे सांगितले त्यामुळे लहानपणापासूनचे माझे एक कोडे सुटले. गोव्याच्या टिपरचा हौदा भरलेला असूनही अर्धा रिकामा का दिसतो? दहा टन खडीने सहा-साडेसहा घनमीटर जागा अडते, तर दहा टन खनिजाला चार-साडेचार घनमीटर पुरतात. बाहेरच्या माणसाला वाटे की गाडी अर्धीच भरली आहे, आणि चालकाला मात्र पहिल्या उतारावरच कळे की स्प्रिंगचे पाटे बसलेत आणि ब्रेकला वास येतोय. अर्धा रिकामा दिसणारा तोच हौदा काठोकाठ भरायचा मोह मालकांना आणि भराई करणाऱ्यांना नेहमी होई, आणि दहाच्या जागी पंधरा टन घेऊन किती खेपा मारल्या हे मामांनी मला सांगितले, पण मी ते इथे लिहिणार नाही.

धक्क्यावर खनिज ओतले की पुढचा प्रवास बार्जचा, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीचा. पावसाळ्यात आग्वादजवळच्या वाळूच्या दांड्यामुळे मांडवीचे मुख बार्जना बंद होई, तेव्हा त्या कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत जाऊन मुरगावला पोहोचत. टिपरला तशी दुसरी वाट नव्हती, म्हणून जून ते सप्टेंबर गाड्या बहुतेक उभ्याच असत. सिझन संपला की मामा इंजिन खोलून ठेवायचे आणि सावंतवाडीला येऊन भातलावणी करायचे.

परतताना रस्त्याकडेच्या एका घरी पाणी मागितले. घरातल्या आजी मामांचे काम ऐकून आधी हसल्या आणि मग म्हणाल्या की बारा वर्षे त्यांनी पापड आणि सांडगे घरात, पंख्याखाली वाळवले, कारण बाहेर वाळत घातले की संध्याकाळपर्यंत लाल होत. मामांनी जरा बचावाने सांगितले की नंतर हौद्यावर ताडपत्री बांधणे सक्तीचे झाले होते. त्यावर आजी म्हणाल्या, "ताडपत्री भरलेल्या गाडीला. धूळ उडवायच्या त्या रिकाम्या. त्या तर देवच आठवावा अशा पळायच्या." मामा क्षणभर गप्प राहिले आणि मग त्यांनी मान डोलावली. रिकाम्या फेरीला पैसे नव्हते. ती जितकी लवकर संपेल तितकी पुढची भरलेली खेप लवकर, आणि म्हणून सगळा वेग रिकाम्या गाडीचा होता. अपघात झाले तेही जास्त करून रिकाम्या गाड्यांनी, असे त्यांनी गाडीत बसल्यावर स्वतःहून सांगितले. निघताना आजींनी आम्हाला चार केळी दिली.

मुक्काम फोंड्याला. सुक्या बांगड्याची किसमूर आणि गरम भात मिळाला तर दुसरे काही मागवू नये, एवढीच या मुक्कामाबद्दल सूचना.

तिसरा दिवस: उसगाव-तिस्क, धारबांदोडा, सावर्डे, कुडचडे

आज मोबाइलच्या नकाशाने आम्हाला फसवले. धारबांदोड्याच्या पुढे जवळची वाट म्हणून त्याने जो रस्ता दाखवला तो खाणीचा जुना वाहतूक रस्ता निघाला, आणि दोन किलोमीटर आत गेल्यावर समोर कुलूप लावलेले फाटक आले. दोन्ही बाजूंना झुडपे आणि वळवायला जागा नाही, म्हणून गाडी उलटीच न्यावी लागली. कॅमेऱ्यात फक्त पाने दिसत होती. तेव्हा मात्र मामा खाली उतरले, माझ्या मागच्या चाकाच्या रेषेत चालत राहिले आणि डिकीवर थापा मारत त्यांनी मला त्या दोन किलोमीटरपैकी निम्मी वाट सरळ बाहेर काढले. एका जागी त्यांनी एकच थाप मारली. उतरून पाहिले तर उजव्या चाकापासून वीतभर अंतरावर झुडपाखाली हातभर खोल चर होता. मोबाइल त्यांनी माझ्याकडून काढून घेतला आणि दिवसभर स्वतःच्या खिशात ठेवला.

या भागात फिरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की कोडली, दाभाळ, किर्लपालच्या बाजूचे बरेच रस्ते खाणींच्या हद्दीत संपतात. विचारून जावे, गावातली माणसे प्रेमाने वाट सांगतात, शिवाय चहाही विचारतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम असते.

कुडचड्याला मामांचा एक जुना मिस्त्री आहे. त्याच्या गॅरेजमध्ये आता मोटारी आणि स्कूटर येतात, पण मागच्या कोपऱ्यात टिपरचा एक जॅक उभा ठेवलेला आहे, माणसाच्या उंचीचा, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा. त्याने तो आडवा करून पुसला आणि हौदा कसा उठतो ते दाखवले. गाडी न्यूट्रलमध्ये उभी करायची, क्लच दाबून पीटीओचा खटका ओढायचा, म्हणजे गिअरबॉक्समधून निघालेली ताकद तेलाच्या पंपाला मिळते. मग क्लच हळू सोडून इंजिन थोडे वाढवायचे की तेल जॅकमध्ये शिरते, आधी सगळ्यात जाड नळी वर सरकते, नंतर तिच्यातली बारीक, आणि हौद्याचे पुढचे टोक आकाशाकडे जाते. खाली आणताना पंप लागत नाही, हौदा स्वतःच्या वजनाने तेल परत ढकलतो. जॅक येण्याआधीच्या गाड्या फाळका पाडून फावड्याने रिकाम्या करत, आणि दोन माणसांना त्याला अर्ध्या तासाहून अधिक लागे. जॅकने ते काम दीड मिनिटावर आले. मामांचे म्हणणे असे की त्या दीड मिनिटानेच माणसांचे हाल वाढवले, कारण वाचलेला वेळ विश्रांतीला न जाता आणखी दोन खेपांना गेला.

सर्वांत भीतीची गोष्टही त्या दीड मिनिटातलीच होती. मे महिन्याच्या अखेरीस वळवाचा पाऊस पडला की खनिज ओले होऊन हौद्याच्या तळाला चिकटते. हौदा पूर्ण वर गेला तरी माल सुटत नाही, सगळे वजन उंचावर आणि मागे लटकते, पुढची चाके हलकी होतात, आणि जमीन एका बाजूला थोडी जरी खचली तरी गाडी आडवी होते. सावर्ड्याच्या धक्क्यावर १९९४ साली अशी एक गाडी मामांच्या समोर पडली. तिचा क्लीनर मागे उभा राहून पहारीने माल सोडवत होता आणि गाडी डावीकडे झुकताच उजवीकडे उडी मारून वाचला. चालकाचा खांदा मोडला. मिस्त्रीला त्या गाडीचा शेवटचा आकडा आठवत होता, मामांना चालकाचे गाव आठवत होते, आणि दोघांनाही त्या संध्याकाळी धक्क्यावरच्या हॉटेलात काय खाल्ले ते आठवत होते, कारण पडलेली गाडी उचलेपर्यंत बाकीच्या चाळीस गाड्या अडकल्या होत्या.

मग आम्ही तो धक्का पाहायला गेलो. नदीचे पात्र तिथे रुंद नाही. समोरच्या काठावरचे बगळे स्पष्ट दिसतात. धक्क्यावर कमरेएवढे गवत वाढले आहे, त्यात गुरे चरत होती, आणि मामा गवतातून सरळ चालत एका जागी जाऊन थांबले व म्हणाले की वजनकाटा इथे होता. पायाने गवत बाजूला केले तर खरोखर काँक्रीटची कड निघाली.

परतीच्या वाटेवर एका माडाच्या बागेत टिपरचा सुटा हौदा दिसला. मालकाने तो जमिनीत अर्धा गाडून शेणखताचा खड्डा केला आहे. मामांनी पोलादी पत्र्यावर बोटांनी वाजवून पाहिले, कड्यांची जागा तपासली आणि हा हौदा बेळगावकडचा नाही, इथलाच बांधलेला आहे, असे ठामपणे सांगितले. बागेच्या मालकाने ते मान्य केले आणि आम्हाला शहाळी काढून दिली.

चौथा दिवस: फोंडा ते सावंतवाडी

आज फक्त परतायचे होते. पत्रादेवी ओलांडून महाराष्ट्रात आल्यावर मामांनी मला मुख्य रस्ता सोडून आत वळायला लावले, कारण तिथे एक चिरेखाण चालू असल्याचे त्यांना कोणीतरी सांगितले होते. डोंगराच्या पाठीवर जमिनीत चौकोनी, सरळ भिंतींचा लालभडक खड्डा उतरलेला होता. तळाशी रुळांवर फिरणारे यंत्र गोल पात्याने जांभा उभा-आडवा कापत होते आणि त्याची धूळ इतकी बारीक होती की ती हवेतून खाली यायला तयार नव्हती. पूर्वी हेच चिरे माणसे हाताने तोडून काढत, आणि तसे काढणारे दोघे म्हातारे सावलीत बसून यंत्राकडे बघत होते. त्यांचे आणि मामांचे लगेच जमले.

खड्ड्याच्या काठी ट्रक उभा होता, साधा, फाळक्यांचा. मी विचारले की इथे टिप्पर का नाही, तेव्हा त्या दोघांपैकी एक जण माझ्याकडे दयेने बघून म्हणाला की चिरा ओतला तर घर कशाचे बांधणार. ट्रकवर एक माणूस, खाली दोन, आणि चिरा हातातून हातात वर जात होता. प्रत्येक चिरा घेताना वरचा माणूस गुडघ्यात किंचित वाकायचा आणि ठेवताना कड हाताने चाचपायचा. मामा बराच वेळ ते पाहत राहिले. ३९ वर्षांत आपण एकही खेप हाताने उतरवली नाही, असे ते म्हणाले आणि मग स्वतःच दुरुस्ती केली की एकदा, १९८१ साली, पीटीओ तुटला होता तेव्हा उतरवली होती, पहाटेपर्यंत.

दुसरा रिकामा ट्रक आला. चालक विशीतला, कानात गाण्याची वायर, आणि क्लीनर नव्हताच. हल्ली एकट्यानेच गाडी आणतात. काठापर्यंत गाडी मागे घ्यायची होती आणि आरसा धुळीने माखला होता. मामा न सांगता उठले, धोतराचा सोगा खोचला, ट्रकच्या डाव्या मागच्या कोपऱ्यापाशी जाऊन उभे राहिले आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या. मुलाने कानातली वायर काढली, खिडकीतून मान बाहेर काढून म्हाताऱ्याकडे पाहिले आणि गाडी मागे सोडली. "येऊ दे... येऊ दे... जरा उजवी दाब... येऊ दे," असे होत होत मागचे चाक काठापासून दोन हातांवर आले, आणि मामांनी एक थाप मारली.